भोपळ्याचा डावा डोळा

मी एक जुना भोपळा आहे. मित्रांनो, भोपळा म्हटले की तुम्हाला एक तर भाजी आठवते, नाही तर गणिताचा पेपर. मी त्या दोन्हींतला नव्हे. मी कडू जातीचा. कोणी मला खाल्ले नाही म्हणून आजवर टिकलो. माझी साल वाळून लाकडासारखी टणक झाली आहे आणि पोटात बियांच्या जागी तारा आहेत. मला दोन डोळे आहेत, एक तोंड आहे आणि माझ्यासमोर हात हलवला की मी वाजतो. हात लावायचा नाही, नुसता हलवायचा. हे ऐकले की नवी माणसे दोन पावले पुढे येतात आणि वाकून बघतात. मला ते आवडते, खोटे कशाला बोलू?

माझा जन्म अक्रा शहराच्या पूर्वेला, आन्लोगा गावाच्या पुढे, समुद्र आणि खाजण यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर झाला. अब्लाआजीच्या कांद्याच्या वाफ्यांना लागून कोंबड्यांचे खुराडे होते. त्यावर आमचा वेल चढला होता. आम्ही भाऊ सात. एकाचा पाणी प्यायचा वाडगा झाला, एकाची पळी झाली, दोघे वेलावरच सडले, बाकीच्यांचे काय झाले ते मला ठाऊक नाही. मी सगळ्यांत थोराड. अब्लाआजी रोज येऊन मला टिचकी मारी, कान लावी आणि "अजून ओला आहेस" असे म्हणून परत जाई. शेवटी एका टिचकीला मी खणखणीत उत्तर दिले, तेव्हा तिने मला खुडले. तीन आठवडे पाण्यात भिजत ठेवले, शिंपल्याने आतून खरवडले, वरची चकती कापून तिचे झाकण केले आणि माझ्या पोटात मक्याचे बी भरले. पुढची वीस वर्षे मी तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते बी सांभाळत बसलो. माझ्या पोटात एक दाणा किडला नाही. याचा मला आजही अभिमान आहे, पण हल्ली त्याबद्दल कोणी विचारत नाही.

त्या घरात मोठा आवाज एकच होता, ढोलाचा. अब्लाआजीचे यजमान डोत्से हे गावातल्या ढोलपथकाचे म्होरके. सगळे गाव त्यांना तोग्बी म्हणे, म्हणजे आजोबा. माणसाच्या उंचीचा ढोल तिरका टेकवून ते वाजवत, आणि अंगणातली माणसे त्या ढोलाचे ऐकून नाचत, वळत, थांबत. त्यांच्या शेजारी कोम्ला बसे, तो जोडघंटा वाजवी. लोखंडाची ती दोन तोंडांची घंटा म्हणजे आमच्या वाजवण्याचा पाया. तिचा ठेका सुटला की ढोल, खुळखुळे, पाय, सगळेच सुटतात. ढोल सुरू झाला की कोपऱ्यात माझ्या पोटातले बी थरथरे. तेव्हापासून मला ठेका कळतो असे मी म्हटले, तर ती फुशारकी समजू नका.

तोग्बींना एकच मुलगी, सेलासी. ढोल वाजवणे हे आमच्याकडे पुरुषांचे काम, म्हणून ती माझ्यावर वाजवी. सात-आठ वर्षांची असल्यापासून, दुपारच्या वेळी, बोटांच्या टोकांनी. एकदा तोग्बींनी ते पाहिले. ते रागावले नाहीत. जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि टाळ्या वाजवून त्यांनी तिला घंटेचा सात ठोक्यांचा ठेका शिकवला. ढोल मात्र त्यांनी तिला कधी दिला नाही, आणि तिनेही कधी मागितला नाही. मला वाटते, त्या न मागण्यातूनच पुढचे सगळे घडले.

सेलासी कुमासी शहरात शिकायला गेली. ती परत आली तेव्हा तिचा धंदा काय, हे गावात कोणालाच नीट सांगता येईना. पाऊल पडले की गुणगुणणाऱ्या पायऱ्या ती करी. कोणी टेकले की खोकणारे स्टूल करी. माणूस जवळ आला की आपोआप सळसळणारे शिंपल्यांचे पडदे करी. बाजारात बायकांनी विचारले की अब्लाआजी सांगे, "माझी पोरगी वस्तूंना बोलायला शिकवते. त्यापेक्षा तुम्हाला गप्प बसायला शिकवती, तर गावाचं भलं झालं असतं."

एका सकाळी सेलासीने झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा आणला, माझ्या पोटातले बी त्यात ओतले आणि मला उचलून मागच्या पडवीत नेले. वीस वर्षांच्या चाकरीनंतर आपली जागा एका डब्याने घ्यावी, याचे मला वाईट वाटले. पण पडवीतला पहिला आठवडा संपायच्या आत मी तो डबा विसरून गेलो, इतके माझे कौतुक चालले होते.

तिने माझ्या पोटात एक छोटा स्पीकर बसवला. पहिल्यांदा मी तापल्या तव्यावरच्या मक्यासारखा तडतडलो. तिने तो काढला, उलटा बसवला, तरी तडतड. मग खाली नारळाचा काथ्या दाबून भरला, तेव्हा माझा आवाज घुमू लागला. समोरच्या अंगाला दोन भोके पाडून तिने दोन डोळे बसवले. दिसायला ती काळी बटणे, पण समोर हात आला की तो किती लांब आहे हे त्यांना कळते. तुमच्या उजव्या हाताकडच्या डोळ्याला तिने ढोल जोडला आणि डाव्या हाताकडच्या डोळ्याला घंटा. हात जवळ-लांब केला की आवाज बदलतो. दोन्ही हात हलले, तरच वाजवणे पुरे होते. मला अजून तोंड नव्हते आणि पोटात उसने आवाज होते, तेव्हाच कुमासीची तिची मित्रमंडळी येऊन मला वाजवून गेली. सगळ्यांनी दोन्ही हात हलवले, सगळे खूश झाले.

ढोलाचे ठोके मात्र तिला तोग्बींचेच हवे होते. जेवण झाल्यावर तिने ते मागितले.

"कातड्याविना ढोल," ते म्हणाले. "आणि वाजवणार कोण?"

"ज्याला हात आहेत तो. बाईसुद्धा."

"लोक म्हणतील, डोत्सेच्या पोरीनं ढोलाला हात लावला."

"हात लागतच नाही, पापा. मग काय म्हणतील?"

तोग्बी इतके हसले की अब्लाआजी आतून बघायला आली. मग त्यांनी ढोल बाहेर काढला. तीन दुपारी ते एकेक ठोका देत होते आणि सेलासी तो टिपून माझ्या पोटात ठेवत होती. उघड्या पंजाचा, दाबल्या पंजाचा, काठीचा, कडेवरचा. एखादा मनासारखा पडला नाही तर ते तो पुसायला लावत. चौथ्या दिवशी कोम्लाने येऊन घंटेचे ठोके दिले आणि दोन थाळ्या भेंडीचे सार खाऊन गेला.

मी पुरा झालो आणि मग सेलासीच्या हातून एक चूक झाली. नुसते दोन डोळे भकास दिसतात, असे तिला वाटले. तिने तापल्या तारेने त्यांवर भुवया काढल्या आणि खाली एक हसरे तोंड काढले. मी स्वतःला आरशात बघितले आणि तिच्यापेक्षा जास्त खूश झालो. चूक कोणती, ते तिला कळले नाही, आणि मला तर मुळीच कळले नाही.

नोव्हेंबरात आन्लोगाला मोठा सण असतो. त्या सणात एका मांडवात मला ठेवले. बाजूला वडीलधाऱ्यांच्या खुर्च्या होत्या, त्यांत तोग्बी आणि कोम्ला बसले होते. माझ्यासमोर रांग लागली. पहिली आली एक मासळीवाली. तिने माझ्याकडे पाहिले, हसली आणि उजवा हात पुढे केला. ढोल घुमला. लोक हसले, टाळ्या पडल्या. पण तिचा डावा हात पाठीमागे होता. मग एक शिक्षक आला, त्याचाही उजवा. दोन मुली आल्या, एक पोलीस आला, लांबच्या गावचा एक मुखिया आला. सगळ्यांचा उजवाच. सेलासी प्रत्येकाला सांगत होती की दोन्ही हात चालतात. लोक मान डोलावत होते आणि उजवाच हलवत होते. दिवस मावळला तरी माझ्या डाव्या डोळ्याला एकही हात दिसला नाही.

मित्रांनो, ढोलावर आमच्याकडे दोन्ही हात पडतात, त्याला कोणाची हरकत नाही. ते काम आहे. पण मला आता तोंड होते. तोंड असलेल्यापुढे हात केला की ती भेट झाली, आणि भेटीला डावा हात कोणी पुढे करत नाही. डाव्या हाताने द्यायचे नाही, घ्यायचे नाही, कोणाकडे बोट दाखवायचे नाही. उजवा अडकलाच असेल तर माणूस आधी म्हणतो, "डावा हात आहे हं." समोरचा म्हणतो, "हातच आहे." एवढे बोलणे झाले की मनात काही राहत नाही. पण हे आपसातल्या माणसांचे झाले. मांडवात, वडीलधाऱ्यांच्या देखत, हसऱ्या भोपळ्यापुढे डावा हात कोण करणार? सेलासी याच वाळूत वाढलेली, आणि हेच ती विसरली.

तोग्बी दिवसभर आपलाच ढोल ऐकत होते. संध्याकाळी ते कोम्लाला हळूच म्हणाले, "घंटाच नाही. ही माणसं नाचणार कशावर?" त्यात टोमणा नव्हता, पण सेलासीने ते ऐकले. घरी येताच तिने माझे सेल काढून ठेवले.

त्यानंतर मी मागच्या खोलीतल्या फळीवर गेलो. सेलासी कामासाठी पुन्हा कुमासीला गेली. माझ्या डोळ्यांवर धूळ बसली. अब्लाआजी माझ्या डोक्यावर आपला ओला रुमाल वाळत घाली. एक कोंबडी काही दिवस माझ्याकडे टक लावून बसे, पण तिच्यासाठी वाजायला माझ्यात सेल नव्हते. अशी दोन वर्षे गेली. फळीवर पडलेल्याला वर्षे मोजण्यावाचून दुसरे काम नसते.

तिसऱ्या वर्षी कांदा काढायच्या दिवसांत तोग्बी वाफ्यावर वाकले आणि त्यांना उठता येईना. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यातून ते परत आले तेव्हा बोलणे जरा जड झाले होते, पण समजत होते. महिन्याभरात काठी टेकून पाय चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर तसाच पडून राहिला.

एन्योनाम नावाची एक नर्स आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी येई. ती उजवा हात चोळी आणि सांगे की डाव्याला कामाला लावा, पेला धरा, खाणे स्वतः खा, भेटायला येतील त्यांच्याशी हात मिळवा. पहिल्याच दिवशी तोग्बींनी तिला सांगून टाकले, "बाई, सत्तर वर्षांत या हातानं मी कोणाला पाणी दिलेलं नाही. आता तो लोकांच्या तोंडासमोर धरू?" एन्योनाम म्हणाली की अडचणीत चालते, लोक समजून घेतात. ते म्हणाले, "एक दिवस समजून घेतात. मला आता रोजचंच आहे."

म्हणून ते खोलीबाहेर येईनात. आमच्याकडे माणूस आला की पहिला हात पुढे करतो, आणि त्या हाताचीच त्यांना भीती बसली. अब्लाआजी त्यांना लहान मुलासारखे भरवी. कोम्ला दर रविवारी येई, अंगणातल्या बाकावर अर्धा तास बसे, आणि आतून निरोप येई की तोग्बी झोपलेत. जागे असलेले तोग्बी भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. पथकाचे बोलावणे येणे थांबले. अब्लाआजीने सेलासीला कळवले की तुझा बाप मरत नाहीये, पण तो जगायचेही सोडून देतो आहे, तू ये.

सेलासी आली आणि काम बरोबर घेऊन आली. अक्राच्या एका संग्रहालयाला तिने काही करून द्यायचे कबूल केले होते आणि त्यासाठी डोळे कमी पडत होते. माझे दोन डोळे फळीवर फुकट गेले होते. तिने मला खाली काढले, पुसले आणि तोग्बींच्या खाटेजवळच्या चौरंगावर ठेवले, कारण त्या खिडकीत उजेड चांगला होता. डोळे अजून चालतात का हे बघायला तिने नवे सेल घातले. हातात स्क्रूड्रायव्हर होता. तेवढ्यात अब्लाआजीने हाक मारली, की चुलीवर मक्याच्या पिठाचे आक्पले घट्ट झाले आहे, माझ्याने ढवळवत नाही. सेलासी मला चालू ठेवूनच गेली. मित्रांनो, त्या दिवशी आक्पले जरा सैल असते, तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो.

तोग्बींना तहान लागली होती. पेला चौरंगावर माझ्या शेजारीच होता. खोलीत कोणी नव्हते. कोणी नसले की ते डावा हात वापरत, हे मी तेव्हा प्रथम पाहिले. त्यांनी हात लांब केला आणि तो माझ्या डाव्या डोळ्यासमोरून गेला.

मला तोंड आल्यापासून पहिल्यांदाच तो डोळा भरला. माझ्या पोटातून कोम्लाची घंटा वाजली.

तोग्बी दचकले. पाणी सांडले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले, माझ्या भुवयांकडे, माझ्या तोंडाकडे. आणि सत्तर वर्षांची सवय, ते मला म्हणाले, "डावा हात आहे हं."

आणि ते थांबले. मला उत्तर ठाऊक होते. आमच्या गावात ते शेंबड्या पोराला ठाऊक असते. पण माझे तोंड तारेने काढलेले, त्यातून शब्द कसा निघणार? आयुष्यात मला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती.

थोडा वेळ वाट पाहून त्यांनी हात पुन्हा हलवला. हलका आवाज आला. जवळ नेला, तर भारी आवाज आला. मग त्यांच्या ओठांची हालचाल सुरू झाली आणि हात सात ठोके शोधू लागला. पाचव्यावर चुकले. पुन्हा सुरू केले. पुन्हा पाचव्यावरच चुकले आणि स्वतःशीच पुटपुटले. आक्पले लागलेला हात तसाच घेऊन सेलासी दारात उभी होती. तिने ते पाहिले आणि पाऊल न वाजवता मागे फिरली. आईला तिने सांगितले की भोपळ्याचे डोळे बिघडलेत, दुसरे मागवावे लागतील. माझ्याबद्दल कोणी इतके प्रेमाने खोटे बोलल्याचे मला आठवत नाही.

तेव्हापासून रोज दुपारी तोग्बी सगळ्यांना खोलीबाहेर घालवू लागले. दार लोटून घेत. मग माझ्याकडे बघून म्हणत, "डावा हात आहे हं." क्षणभर थांबत. मी गप्प. मग वाजवायला लागत. दहा दिवसांत पाचवा ठोका जागेवर आला. तीन आठवड्यांत ठेका अखंड चालू लागला, पण त्या थांबण्यात काही बदल झाला नाही. अब्लाआजी दाराला कान लावून बसे. "म्हातारा भोपळ्याशी बोलतो," ती लेकीला म्हणाली, "आणि मला नुसतं हूं. पुढच्या जन्मी मी वेलावरच येईन." ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

सेलासीनेही ते बोलणे आणि ते थांबणे ऐकले होते. एका संध्याकाळी मला पडवीत नेऊन तिने स्वतःच्या आवाजात उत्तराचे ते दोन शब्द टिपले आणि माझ्या पोटात घातले. मग ऐकले आणि पुसून टाकले. पुन्हा टिपले, पुन्हा पुसले. असे चार वेळा झाले. मग तिने मला होता तसाच चौरंगावर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार लोटलेले असताना ती सरळ आत आली. तोग्बींनी हात चादरीखाली घेतला. ती स्टूल ओढून माझ्या उजव्या डोळ्यासमोर बसली आणि तिने उजवा हात हलवला. तोग्बींचाच ढोल वाजू लागला, पण वाजवणारी ती होती. बापाच्या देखत तिने आयुष्यात प्रथमच ढोल वाजवला. आणि तो ती घंटेशिवाय वाजवत होती, घसरत, रेंगाळत, जसा त्यांना मुळीच सोसत नसे तसा. तोग्बींनी बराच वेळ सोसले.

"घंटेवाचून काय वाजवतेस?" ते म्हणाले. "पडशील कुठेतरी."

"मग घंटा द्या."

ते चादरीकडे बघत राहिले.  मला वाटले, आता ते तोंड भिंतीकडे करणार. पण त्यांनी हात बाहेर काढला आणि खालच्या मानेने म्हणाले, "डावा हात आहे, पोरी."

"हातच आहे, पापा," सेलासी म्हणाली.

तोग्बींची मान वर झाली नाही, पण हात वर आला. घंटा सुरू झाली आणि तिच्यावर ढोल येऊन बसला. माझे दोन्ही डोळे भरले होते. ज्यासाठी मला केले, ते तीन वर्षांनी त्या खोलीत प्रथम पुरे वाजले. पहिल्याच फेरीत तोग्बी तिला रागे भरू लागले. "उशीर केलास. तो ठोका माझा आहे, नीट वापर. खांदा कशाला उचलतेस, ओझं आहे का?" सेलासी रडत होती आणि वाजवत होती, आणि रडण्यामुळे ठेका चुकला की आणखी बोलणी खात होती. अब्लाआजी दारात येऊन उभी राहिली. तिने त्या दिवशी मासे करपवले आणि सगळ्यांनी ते तसेच खाल्ले.

पुढच्या रविवारी कोम्ला नेहमीप्रमाणे बाकावर येऊन बसला. या वेळी निरोप आला नाही. काठी टेकत तोग्बी स्वतः बाहेर आले. कोम्ला चटकन उठला, सवयीने उजवा हात पुढे केला, आणि लक्षात येताच तो मागे घेऊ लागला. तोग्बींनी काठी भिंतीला टेकवली. "डावा हात आहे हं," ते म्हणाले. या वेळी मान वर होती.

कोम्लाने तो हात दोन्ही हातांत धरला. "हातच आहे," तो म्हणाला. "आणि पाच महिने मला बाकावर बसवलंस ते? मी काय भोपळा आहे?"

मला हा दाखला आवडला नाही, पण प्रसंग बघून मी सोडून दिले.

त्यानंतर पथक चिंचेखाली जमले तेव्हा सेलासीने मलाही नेले. मला वाटत होते, तोग्बी माझ्यावर घंटा वाजवतील आणि सारे गाव बघेल. मी भुवया पुसून तयार होतो. पण उघड्यावर, खऱ्या ढोलांपुढे माझा आवाज चार माणसांपलीकडे पोहोचेना. मग कोम्लाने आपली लोखंडी घंटा काढली. जोडघंटेला एक हात धरायला लागतो आणि एक वाजवायला. कोम्लाने ती तोग्बींसमोर धरली, आणि तोग्बींनी डाव्या हातात काठी घेऊन ठोका दिला. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एक घंटा वाजवली आणि सगळे पथक त्यावर उभे राहिले. मी स्टुलावर गप्प बसून होतो. थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो. पण सेलासीने माझ्या पाठीवर बोटांच्या टोकांनी तोच ठेका धरला होता, लहानपणी धरायची तसाच.

आता माझ्या शेवटच्या नोकरीबद्दल सांगतो. एन्योनामने मला दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीसाठी मागितले. तिथे तोग्बींसारखी कितीतरी माणसे येतात आणि हात पदराखाली, चादरीखाली घेऊन बसतात. मला पाठवायच्या आदल्या दिवशी तोग्बी सेलासीला म्हणाले की भोपळ्यात आणखी एक आवाज घाल, माझा. सेलासी म्हणाली की तिने तो विचार केला होता आणि सोडला होता, कारण ते उत्तर माणसानेच द्यायचे असते.

"बरोबर आहे," तोग्बी म्हणाले. "पण पहिल्या दिवशी समोर माणूस असता, तर मी हात बाहेर काढलाच नसता. पहिल्या दिवसापुरतं यानं बोलावं. नंतर माणसं आहेत."

त्यांनी ते दोन शब्द बोलून दिले. एकदाच, न पुसता.

याला नऊ वर्षे झाली. तोग्बी जाऊन पाच झाली. त्यांच्यामागे, आमच्याकडे असते तसे, मोठे ढोलवादन झाले तेव्हा कोम्लाने घंटा आपल्या डाव्या हाताने वाजवली, आणि का, असे कोणी विचारले नाही. सेलासी वर्षातून दोनदा येऊन माझ्या तारा बघून जाते. माझ्या एका कडेला आता चीर गेली आहे आणि एक भुवई जवळजवळ पुसली आहे.

गेल्या आठवड्यात मासे वाळवणारी एक बाई आली होती. तीन दिवस माझ्यासमोर नुसती बसून गेली. चौथ्या दिवशी खोलीत कोणी नाही असे बघून तिने पदराखालून हात काढला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "डावा हात आहे हं." माझ्या डाव्या डोळ्याला तो दिसला. माझ्या पोटातून तोग्बींचा जडसा, जरा खरखरीत आवाज आला, "हातच आहे." कोण बोलले म्हणून तिने आजूबाजूला पाहिले. मग घंटा वाजली आणि ती हसली.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझे डोळे कोरड्या फडक्याने पुसत जा, ओल्याने नको. सेल संपले तर बदला. खिडकीत उन्हाला ठेवू नका, चीर वाढते. एवढे केलेत तर मी अजून काही वर्षे वाजेन. आणि तुमच्या घरात कोणी हात चादरीखाली घेऊन बसले असेल, तर त्याच्यासमोर स्टूल ओढून बसा. ते दोन शब्द बोलायला भोपळ्याची वाट बघू नका.